वांग्याचा वाफा

हल्ली तंजावरात कोण काय खेळतं हे वैद्यनाथ रावांना कुणाला विचारावं लागत नसे. राजवाड्यामागच्या गल्लीतून दूध आणायला गेलं तरी सगळा पंचनामा होई. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गिऱ्हाईक येईपर्यंत फ्री फायरमध्ये धडाधड माणसं मारी, आणि गिऱ्हाईक आलं की तितक्याच शांतपणे शर्टाची कॉलर दाबी. शेजारच्या चंद्रमतीबाई कँडी क्रशच्या कुठल्याशा अवघड पायरीवर महिनाभर अडकून होत्या आणि त्यापायी त्यांच्या घरात रसम रोज उतू जात होतं. त्यांचे यजमान पापनाशमच्या मेहुण्याशी लूडो खेळत, आणि हरले की दोन दिवस त्याचा फोन उचलत नसत. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या वैद्यनाथ रावांना या सगळ्याची गंमत वाटे आणि थोडा रागही येई. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं ते म्हणत.

पण त्यांच्याच घरात शेती चाले, त्याला काय करणार?

त्यांची बायको राजम तिरुवैयारूची. माहेरी कावेरीकाठी जमीन होती, ती भावांनी विकली. राजम त्यावर एक शब्द बोलली नाही. मग तिची मूत्रपिंडं बिघडली, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात सुया लावून तासन् तास पडून राहावं लागायला लागलं, तेव्हा चेन्नईला नोकरी करणाऱ्या लेकीनं, अखिलानं, तिला एक टॅब आणून दिला आणि त्यात शेतीचा एक खेळ घालून दिला. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, पीक आलं की काढायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे. मोकळ्या राहिलेल्या एका हातानं राजम शेती करी. "अहो, माझा ऊस आला," असं ती दवाखान्याच्या खाटेवरून सांगे, आणि वैद्यनाथ राव वर्तमानपत्रातून डोकं न काढता "हं" म्हणत.

मागच्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, ती गेली.

तेरावं झालं, अखिला चेन्नईला परतली आणि घर एकदम मोठं झालं. एके दुपारी वैद्यनाथ राव जेवून आडवे झाले होते. कपाटातून कोंबडीचा आवाज आला. ते उठून बसले. पुन्हा आला. कपाट उघडून बघतात तो राजमच्या साड्यांवर टॅब उजळलेला, आणि पडद्यावर तमिळमध्ये लिहिलेलं: तुमचं शेत तुमची वाट पाहतंय.

त्यांनी तो बंद करायला घेतला. पण वाट पाहतंय म्हटल्यावर नुसतं बंद कसं करणार? त्यांनी शेत उघडलं. पंधरा दिवसांत सगळं वाळून गेलं असेल, तेवढं एकदा बघून घ्यावं, असा त्यांचा विचार होता. शेत हिरवंगार होतं. ऊस काढून नवा लावलेला होता. भात लोंबीवर आलं होतं. कोंबड्यांचे दाणे ताजे होते.

टॅब मांडीवर घेऊन ते जमिनीवर बसून राहिले. शास्त्र शिकवलेला माणूस. असल्या गोष्टींना काहीतरी साधं कारण असतं, हे त्यांनी पोरांना जन्मभर सांगितलं होतं. ते कारण त्यांनी जरा शोधलं असतं तर मिळालंही असतं. शोधलं नाही. नको असलेली गोष्ट माणसाला सुचत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

शिवाय सदाशिव गुरुजी पहिल्या मासिक श्राद्धाला म्हणालेच होते, "राव, वर्षभर जीव वाटेवर असतो. दोन पावलं पुढं जातो, वळून घराकडं बघतो. वर्षश्राद्ध झालं म्हणजे पितरांत जाऊन बसतो. तोंवर तो आपला पाहुणाच समजा." तंजावरच्या मराठी घरांत हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. वैद्यनाथ रावांनी घेतलं.

त्या दिवसापासून टॅब चार्ज करून ठेवणं हे देवापुढं दिवा लावण्याइतकंच नेमाचं झालं. पहिले काही दिवस ते नुसतं बघत. रोज शेतात काहीतरी झालेलं असे. मग आपणही काही करावं असं वाटू लागलं, पण काय करावं ते कळेना. ऊस, भात तर ती करतच होती. तिला काय द्यावं?

आणि त्यांना वांगी आठवली.

लहानपणी एकदा वांग्यात अळी निघाली, तेव्हापासून वैद्यनाथ रावांना वांगं डोळ्यांसमोर चालत नसे. राजमला तर तिच्या माहेरच्या मळ्यातली काटेरी वांगी जीव की प्राण. पण लग्न होऊन या घरात आली आणि तिनं वांगं शिजवणं सोडलं. कधी कुरकुर नाही. माहेरी गेली की पोटभर खाऊन येई, आणि आल्यावर तेवढीच चार दिवस खुशीत असे. तो सारा हिशेब आता त्यांच्यापुढं आला. चष्मा पुसून, दोनदा चुकून, त्यांनी शेताच्या कडेला एका वाफ्यात वांगी लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतात तो वांगी काढलेली, वाफा स्वच्छ करून मोकळा ठेवलेला, आणि त्याच्याभोवती लाकडी कुंपण. बाकी कुठल्या वाफ्याला कुंपण नव्हतं.

वैद्यनाथ राव त्या दिवशी रडले. राजम गेली त्या दिवशी माणसं होती, सामान आणायचं होतं, रडायला सवड कुठं होती.

मग तो परिपाठच झाला. रोज संध्याकाळी ते वांगी लावीत. रोज कुणीतरी ती काढून वाफा त्यांच्यासाठी मोकळा ठेवी. घरात ते एकटे, पण एकटे नव्हते. कॉफी करताना मध्येच हात थांबे आणि कुणी मागं उभं असल्यासारखं वाटे. मागं वळून बघायचं ते टाळत, कारण बघितलं तर नसेल. चंद्रमतीबाईंनी एकदा कुंपणाच्या भिंतीवरून विचारलंसुद्धा, "राव, कुणाशीं बोलतां हो?" ते म्हणाले, "पाठ म्हणतों." गल्लीत सगळे खेळतात, मग मी खेळलो तर कुणाचं काय गेलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण आपण खेळत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

वर्ष सरत आलं तसा त्यांना घोर लागला. वर्षश्राद्ध झालं की राजम पितरांत जाणार. मग वाफा कोण मोकळा करणार? श्राद्ध चुकवता येत नव्हतं आणि नीट पार पडावं असंही वाटत नव्हतं. गुरुजींना सामानाची यादी विचारायचं ते आज-उद्यावर ढकलत राहिले.

आदल्या दिवशी अखिला आली. श्राद्धाचा स्वयंपाक तिनं आणि स्वयंपाकीणबाईंनी मिळून केला. कारलं, कच्चं केळं, गवार, सगळं रीतीप्रमाणं; कोबी-बटाट्याला त्या दिवशी घरात मज्जाव. पिंड झाले, ब्राह्मण जेवले. विडा-दक्षिणा घेऊन उठताना सदाशिव गुरुजी दारात थांबले.

"सगळं यथासांग झालं, राव. राजम आतां सुखानं पोचल्या. आतां हाक मारूं नका हो. हाक मारली कीं जीव अडकतो, इकडला ना तिकडला."

"सरि, गुरुजी," वैद्यनाथ रावांनी होकार दिला. मग त्यांनी दार लावून घेतलं.

उन्हं कलल्यावर बापलेक स्वयंपाकघर आवरत होते. अखिला भांडी विसळत होती, ते उरलेली केळीची पानं गुंडाळत होते. पाठ वळवूनच ती म्हणाली, "अप्पा, एक सांगतें. हंसूं नका."

"बोल."

"आईचा खेळ आहे ना, शेताचा. तो माझ्या फोनमध्येंही उघडतो. मींच तिला खातं काढून दिलं हुतं, माझ्याच ईमेलवर. ती गेल्यावर तिचं शेत वाळूं द्यायला मन होईना. म्हणून ट्रेनमध्यें, ऑफिसला जातां-जातां, मींच करत आलें. पाणी घालणं, काढणं, सगळं."

वैद्यनाथ रावांच्या हातातली पानं तशीच राहिली. उसाला पाणी, कोंबड्यांना दाणे, कुंपण. एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली, आणि बसत गेली तशी राजम त्या घरातून निघून गेली. दुपारी मंत्रांनी गेली नव्हती ती आत्ता गेली.

अखिलानं नळ बंद केला. आता ती त्यांच्याकडं वळली होती, आणि तिचा चेहरा लहानपणी ताप चढल्यावर दिसे तसा दिसत होता.

"तें नव्हे सांगायचं. अप्पा, त्या शेतांत मीं लावत नाहीं तें उगवतं. वांगीं. रोज सकाळीं वांगीं असतात. या घरांत वांगीं कोण लावेल? तुम्हांला तर नांवही चालत नाहीं. आईचा टॅब कपाटांत, तुम्हांला खेळतां येत नाहीं." तिनं हात पदराला पुसले. "आईच आहे, अप्पा. वर्षभर ती येते. मीं तिचा वाफा तिच्यापुरता ठेवतें, कुंपण घातलं. कुणाला सांगितलं नाहीं. डॉक्टरकडं न्याल म्हणून भ्यालें."

वैद्यनाथ रावांनी तोंड उघडलं. आपलं सांगून टाकावं, पोरीला जवळ घ्यावं, दोघांनी मिळून हसावं, रडावं, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं. पण अखिलाचं संपलं नव्हतं.

"आणि आतां भीति वाटते. गुरुजी म्हणाले, हाक मारली कीं जीव अडकतो. मीं वर्षभर हाकच मारली कीं. सकाळचीं वांगीं मीं काढलीं, वाफा आतां मोकळा आहे. उद्यां पुन्हां असलीं, तर ती पोचली नाहीं म्हणायचं. माझ्यापायीं अडकली. नसलीं, तर..." मग म्हणाली, "असावीं असंही वाटतं, अप्पा. मीं वाईट आहें."

"वाईट नाहींस," ते म्हणाले. एवढंच त्यांना जमलं.

संध्याकाळी अखिला देवळात दिवा लावायला गेली. वैद्यनाथ रावांनी कपाट उघडलं, टॅब काढला आणि साड्यांच्या वासात जमिनीवर बसले. रोजची वेळ होती. कुंपणातला वाफा मोकळा, काळा, पेरायला तयार. राजम तिथं नव्हती आणि कधीच नव्हती, हे आता त्यांना माहीत झालं होतं. तरी हात शिवशिवत होता. वर्षभर त्या वाफ्यात ते बायकोशी बोलले होते, आणि हात असा एका दिवसात शहाणा होत नाही.

खरं सांगितलं तर पोरीची भीती जाईल, पण वर्षभर भेटलेली आईही जाईल. उरेल तो म्हातारा बाप, चष्मा पुसत वांगी लावणारा. ते कसं असतं हे मघापासून त्यांना चांगलंच कळत होतं. आपल्यावर आलं ते तिच्यावर आणवेना. आणि आज वांगी लावली तर ती जन्मभर आपण आईला अडकवलं म्हणून कुढत बसेल. सगळ्या बाजूंनी विचार केला तरी करण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे काही न करणं. ते इतकं जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अखिलाच्या चपलांचा आवाज येईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी खेळ मिटवला, आणि आतल्या कोंबड्या आवाज करतील म्हणून टॅबही पूर्ण बंद केला.

सकाळी ते कॉफी गाळत होते. अखिला मागच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. पेले घेऊन ते बाहेर गेले आणि एक पायरी वर बसले.

"नाहींत," ती म्हणाली. फोन तिनं त्यांच्यापुढं धरला. वाफा मोकळा होता. "बघा ना. एकही नाहीं."

ती रडली, पण ते रडणं निराळं होतं. रडता रडता तिचे खांदे सैल पडत गेले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गल्लीत इस्त्रीवाला कोळसे पेटवीत होता, त्याच्या फोनमधून गोळ्यांचा आवाज येत होता.

"पोचली हो, अप्पा," अखिला डोळे पुसत म्हणाली. "अडकली नाहीं."

"हो."

"आतां मींही उघडणार नाहीं. बोलवायचं नाहीं तिला."

"नको बोलावूंस," वैद्यनाथ राव म्हणाले.

तिनं कॉफीचा पेला घेतला, घोटभर प्यायली, आणि वर बघून थांबली.

"मग तुम्हीं कां रडतां, अप्पा? चांगलंच झालं ना?"

"हो," ते म्हणाले. "चांगलंच झालं."