केस वाळवणारी चेटकीण

"आई, ती बघ, चेटकीण! पण तिला आज सुट्टी आहे वाटतं."

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला आणि मी चटकन माझ्या चित्रावर हात ठेवला.

"पिऊ, असं दुसऱ्यांच्या कागदात डोकावू नये," आईने मुलीला दटावलं.

रोज गोष्टीतलं एक पात्र काढून ऑनलाइन टाकायचं, नाव न लिहिता ते ओळखू यायला हवं, असा एक उपक्रम सध्या चालू आहे. मी टोपणनावाने चित्रं टाकते. आजच्या चेटकिणीला मी ना झाडू दिला होता, ना टोपी. ती नुसती गच्चीत केस वाळवत बसली होती. तरी पिऊने ओळखलंच, कदाचित बाकदार नाकावरून, कदाचित बसण्याच्या ऐटीवरून. सगळ्या खुणा लपवल्या तरी आपण कुणाला तरी दिसतोच, याची मला कायम धास्ती वाटत आलीय. आज मात्र बरं वाटलं.

मराठी मला सरावाची नाही, म्हणून बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवून घेते. पण तेवढ्यात पिऊचा नंबर लागला असता, म्हणून आज जुळवत बसले नाही. मी हात बाजूला केला आणि म्हणाले, "मीच काढलीय. उद्या राक्षस काढायचाय. तो घरी असला की काय करत असेल गं?"