तांडेल बुडाला तेव्हा अर्धा कापूस वावरातच होता

तांडेलाला मी बुडवलं ते दुपारच्या चहाच्या आधी, आणि तिथंच चुकलं. चहानंतर बुडवायला हवं होतं. खरं म्हणजे शेवटचा तास, म्हणजे कापसाची शेवटची ओळ, वेचून झाल्यावर बुडवायला हवं होतं. पण गोष्ट रंगात आली की मला पुढ्यातलं वावर दिसत नाही, कापूस दिसत नाही, वेचणाऱ्या बाया दिसत नाहीत आणि त्यांच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायकोही दिसत नाही. दिसतं ते फक्त पाणी.

आणि तेही ऐकीव. समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. मारेगावजवळच्या आमच्या गावापासचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरात पुलावरून पाहिलेली वर्धा नदी. तिलाच मी मनातल्या मनात दोन्ही काठ पुसून टाकले आणि म्हटलं, हा समुद्र. बाकीचं सगळं पुस्तकातलं. गावातलं वाचनालय संध्याकाळी मी उघडतो. लोक येतात ते पेपर वाचायला आणि पंख्याखाली बसायला. एकदा कुणाच्या तरी देणगीतून शिडांच्या जहाजांवरची पुस्तकं आली. त्यांना हात लावणारा मी एकटाच. डोलकाठ्या, दोरखंड, वादळं, बुडालेली तारवं, आपल्या कोकणातली गलबतं आणि गुराबा... वाचता वाचता पंखा बंद पडायचा आणि मला वाटायचं, वारा पडला.

आता असा माणूस शेतीच्या काय कामाचा? मी वेचलेल्या कापसात कापसापेक्षा पाला जास्त निघतो. बायकोनं एकदा वेचलेला कापूस भरायची माझी कमरेची ओटी उलटी केली, त्यातला पालापाचोळा बकरीपुढे टाकला आणि म्हणाली, "तुमी धुऱ्यावर बसा. हाताचं काम तुमचं नाही. तोंडाचं करा."

ती टोमणा मारत होती. मी हुकूम समजलो.

कापूस फुटण्याच्या दिवसांत आमच्याकडे वेचायला बाया मिळणं सोपं राहिलेलं नाही. सगळ्यांचा कापूस एकदमच फुटतो. मग कुणी ऑटो पाठवतो, कुणी चहासोबत बिस्किटं देतो, कुणी बांधावर मोठा स्पीकर लावून गाणी वाजवतो. आमच्याकडे बाया यायच्या त्या टेकडीखालच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीतून. त्यांना आम्ही स्पीकर काही दिला नाही. आमच्याकडे मी होतो. दिवाळीनंतर गोष्ट सुरू झाली आणि बायकोच्या लक्षात आलं की मी बोलत असलो की बायांचे हात भराभर चालतात, दुसऱ्याच्या वावराकडे कुणी पाहत नाही. तेव्हापासून मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायला पोतं मिळायला लागलं, आणि घसा बसू नये म्हणून गूळ.

गोष्टीतला तांडेल म्हणजे खलाशांच्या टोळीचा म्होरक्या. कोकणातला माणूस, काळाभोर, दात पांढरेशुभ्र, साहेबांच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर चढलेला. तो काही मी मुद्दाम घडवला नव्हता. आला आणि राहिला. बायांना तो असा आवडला की कप्तानाचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "थो राहू द्या भाऊजी, आपल्या मानसाचं सांगा."

माझ्या समुद्रावर त्यांनी हक्कही सांगितला. जहाजावरच्या बिस्किटांत किडे असायचे, खलाशी ती लाकडावर आपटून मग खायचे, असं मी मोठ्या थाटात सांगितलं, तर एकजण म्हणाली, "मंग त्यात का झालं? आमच्या जवारीतबी सोंडे असतात. चाळून घ्या म्हना त्याले." शिडं कापसाची, हे ऐकल्यावर तर त्यांनी जहाज बंदरातच अडवलं. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करतात. दहीभात शिंपडल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. "इतका कापूस आन दहीभात नाही?" टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली. "असं कसं जाईन जहाज?" मी म्हटलं, "मावशे, ते साहेबाचं जहाज आहे." ती म्हणाली, "साहेबाचं असन. कापूस तं आपला हाय." झालं. कप्तानाच्या डोळ्यांदेखत तांडेलानं तिन्ही शिडांवर दहीभात शिंपडला, तेव्हा कुठे नांगर उचलला गेला.

पण म्हातारीचं ते बोलणं माझ्या मनात राहिलं. दुपारी ऊन कलतं तेव्हा आमचं वावर पार नदीच्या अंगापर्यंत पांढरं होतं. बाया कमरेपर्यंत त्या पांढऱ्यात बुडालेल्या, रंगीत लुगडी पुढे सरकणारी, मागे हिरवट काळपट तास उघडे पडत जाणारे, जणू जहाजामागची रेघ. वारा सुटला की पानं सळसळतात. शिडाचा आवाज असाच असेल का? मी डोळे अर्धे मिटून बसायचो. कुणास ठाऊक, कधीकाळी याच काळ्या मातीतल्या कापसाचा एखादा पेळू कुठल्या कुठे जाऊन सूत झाला असेल, शीड झाला असेल, आणि मी न पाहिलेल्या पाण्यावर वाऱ्यानं फुगला असेल. आमच्या घरातला कुणी समुद्रावर गेला नाही, पण आमचा कापूस गेला असेल. असं काही मनात यायचं आणि तेवढ्यात बायकोची हाक यायची, "ऐकून राह्यले का? थांबले काहून? बाया थांबल्या ना!"

तर त्या दुपारी मी तांडेलाला बुडवलं. वादळ आलं, वरचं शीड आवळायला तो काठीवर चढला, पाय निसटला, आणि काळ्या पाण्यानं त्याला घेतलं. कप्तानानं उजाडेपर्यंत कंदील लावून वाट पाहिली. मग, त्या काळची रीत होती तशी, मेलेल्या खलाशाची पेटी मोठ्या डोलकाठीपाशी आणली आणि त्याच्या वस्तू सोबत्यांनी बोली लावून घेतल्या. कुणी कांबळं घेतलं, कुणी चिलीम. ही रीत मी पुस्तकात वाचली होती आणि कधी एकदा सांगतो असं मला झालं होतं. चांगली खुलवून सांगितली. कांबळ्याला भोक कुठे होतं तेही सांगितलं.

वर पाहिलं तर एकही हात हलत नव्हता. एकीनं पदर तोंडाला लावला होता. म्हातारी तासातच खाली बसली होती. मला, खरं सांगतो, आधी आनंदच झाला. आपण सांगावं आणि वावरभर माणसं रडावीत! चहा आला, कुणी धड प्यायला नाही. ऊन असतानाच त्या ओट्या रिकाम्या करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांना आणायला पाठवलेला ऑटो रिकामा आला. ऑटोवाला म्हणाला, "बाया स्पीकरवाल्याच्या वावरात गेल्या भाऊ. इकडं नाही येत म्हनते."

बायकोनं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर ढगाचं चित्र होतं, पावसाच्या रेघा होत्या आणि उद्याची संध्याकाळ होती. निम्मं वावर पांढरं उभं. फुटलेल्या बोंडावर पाणी पडलं की कापूस पिवळा पडतो, लोंबतो, मातीत गळतो. ते वावर पेरल्यापासून तिनं सांभाळलं होतं. निंदण, फवारणी, रानडुकरं, सगळं तिनंच पाहिलं. मी समुद्र पाहत होतो.

"आना त्याले वापस," ती म्हणाली.

"कोणाला? बायांना?"

"तुमच्या थ्या तांडेलाले. बाया त्याच्यामांगं येते."

संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावून मी पोडावर गेलो. म्हातारी अंगणात तूर पाखडत बसली होती. बाकीच्याही जमल्या. मी नीट तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "ऐका, काल माझ्याकडून चुकून बोललं गेलं. तो बुडाला नाही."

"वा रे वा!" एक तरुण बाई म्हणाली, "बुडवाचं बी तुमी आन काढाचं बी तुमी! आमी का खेळनं हाओ का?"

दुसरी म्हणाली, "दिवसभर हात चालत नोते आमचे. घरचं मानूस गेल्यावानी झालं. त्यापक्षा गानेच बरे. गान्यात कोनी मरत नाही."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "सांगतलं थे सांगतलं भाऊजी. आता पलटवाचं नाही. पलटवलं तं मंग इतके दिवस आमी का आयकत होतो?"

 इतके दिवस गोष्ट सांगत होतो, पण असा कायदा मला कुणी लावला नव्हता, आणि तो बरोबर होता. पलटवली तर गोष्ट गेली. नाही पलटवली तर कापूस गेला. मी पाणी मागितलं, ते सावकाश प्यायलो, आणि तांब्याच्या तळाशी हलणारं पाणी बघता बघता सुचलं.

"पलटवत नाही," मी म्हटलं. "पण मी सांगितलं कुणाचं? जहाजावरच्या माणसांनी पाहिलं तेवढं. ते तर जहाजावर होते. पाण्यात त्याचं काय झालं हे त्यांना कुठे माहीत?"

म्हातारीनं खाली ठेवलेलं सूप आणखी लांब सरकवलं.

"पाण्यात का झालं?" म्हातारीनं विचारलं.

"ते उद्या. वावरात."

"बह्याड समजून राह्यले का आमाले?" तरुण बाई हसली. पण विचारलं तिनंच, "ऑटो किती वाजता धाडसान?"

पाण्यात काय झालं हे मलाही माहीत नव्हतं. सकाळी पोत्यावर बसलो तेव्हासुद्धा नव्हतं. आभाळ पश्चिमेकडून दुधट होत होतं, हवा पडली होती. बाया तासांना लागल्या. मी म्हटलं, वर आला तेव्हा जहाज दूर गेलं होतं. फक्त कंदिलाचा ठिपका. त्यानं हाक मारली, पण वाऱ्यानं ती उलटी त्याच्याच तोंडात कोंबली. मग वादळात मोडलेली एक काठी वाहत आली, तिला तुटलं शीड लटकलेलं. त्यानं ते अंगाभोवती गुंडाळलं. कापूस ओला झाला तरी माणसाला सोडत नाही, असं मी ठोकून दिलं. कुणीही शंका काढली नाही.

मग एक गंमत झाली. तांडेल पोहायला लागला की बायांचे हात भराभर चालायचे. तो दमून काठीवर मान टाकायचा की त्यांचेही हात सैलावायचे. हे मला उशिरा कळलं, बायकोला लगेच. वावराच्या त्या टोकावरून ती मला हातानं खुणा करत होती: चालव, चालव! बिचाऱ्याला मी टेकूच दिलं नाही. अंधाऱ्या पाण्यात हात मारला की निळा उजेड सांडायचा, तो आपल्याच उजेडातून पोहत होता. चांदण्या वर होत्या तशाच खाली. कुठल्या वर आणि कुठल्या खाली हे त्याला समजेना. एक मोठं कासव बराच वेळ त्याच्या शेजारून चाललं, काही न बोलता, घरी परतणाऱ्या शेजाऱ्यासारखं. सांगता सांगता मला स्वतःला गार वाटायला लागलं. ढग आमच्यावर आले होते, वावराचा पांढरा रंग राखाडी झाला होता, आणि त्यातून त्या बाया हात मारत पुढे पुढे निघाल्या होत्या. क्षणभर मला खरंच समजेना की पलीकडच्या काठाला कोण लागणार आहे, तो की त्या.

"भाऊजी, काठ दिसला का त्याले?" मधूनच एकीनं ओरडून विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. तिनं उरलेल्या तासांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही अजून," मी म्हटलं.

शेवटच्या तासात बाया शिरल्या तेव्हा मी कोळ्यांची होडी पाठवली. शेवटची ओटी रिकामी झाली तेव्हा त्याला वर ओढला, कोरडं कांबळं दिलं, गरम पेज दिली. म्हातारी धुऱ्यावर टेकली आणि तिनं दोन्ही गुडघे दाबत "हाऊ बापा" एवढंच म्हटलं, जणू तिनंच त्याला ओढून काढला होता. गठ्ठे घरात आले आणि थोड्याच वेळात टिनावर पाऊस वाजायला लागला.

पुढची खोली छताला लागेल अशी कापसानं भरली होती. दार लावायलाही जागा नव्हती. बायको त्या ढिगाला पाठ टेकून बसली. केसांत कापूस, हाताला बोंडांचे ओरखडे, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपली. मी मनातल्या मनात शाबासकीची वाट पाहत होतो हे लपवत नाही. पाऊस चांगला लागला तशी ती डोळे न उघडता म्हणाली,

"थो इतके दिवस दर्यात फिरून राह्यला होता. मंग त्याच्या वावरातला कापूस कोनं येचला वो?"