कॅबिनेटमधला भंडारा

भिगवणमधल्या माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात एक जुनाट कॉम्प्युटर आहे. गेल्या उन्हाळ्यात तो दर दहा मिनिटांनी हँग व्हायला लागला. कुणाचा तरी अर्ज निम्मा भरून झाला की माउस जागचा हलायचा नाही, आणि समोरचा माणूस हटकून म्हणायचा, "बंद करून चालू कर की." ऐकून ऐकून वीट आला होता. विंडोज नव्याने टाकलं, रॅम काढून पुसून बसवली. काडीचा उपयोग झाला नाही.

शेवटी सगळा राग वडिलांवर काढला. ते कॉम्प्युटरशेजारी खुर्ची टाकून तंबाखू मळत बसायचे. "आबा, तुमची तंबाखूच आत जाती," मी गिऱ्हाइकांसमोर खेकसलो. ते उठले आणि त्या दिवसापासून बाहेर पायरीवर, उन्हात बसायला लागले.

आठवड्याने मी कॅबिनेट उघडलं. आधी कुबट वास आला, मग मेलेली झुरळं दिसली. पंख्याच्या पात्यांवर पिवळा, चिकट थर बसला होता. नखाने खरवडून पाहिला. तंबाखूचा कणही नव्हता. तो भंडारा होता. दर खंडेनवमीला पूजा करताना चालू कॉम्प्युटरवर मूठभर भंडारा मीच उधळायचो, आणि पंखा तो आत ओढून घ्यायचा. स्वतःचीच किळस आली.

थर काढल्यावर कॉम्प्युटर दिवसभर अडला नाही. संध्याकाळी पायरीपाशी जाऊन म्हणालो, "आबा, आत बसा की."

"नगं," ते म्हणाले. "परत बंद पडंल तुजं मशीन."