प्रेमलता रोज 'नाही' म्हणाली

भुईगावात चपला घालून वाडीला पाणी लावणारा माणूस त्या काळी शोधूनही सापडला नसता. चपला बांधावर काढायच्या आणि केळीच्या बुंध्याशी अनवाणी जायचं, हीच रीत. नरहरी त्या रीतीनं गेला आणि टाचेत बांबूचा सल घुसवून घेतला. वर दिवसभर शेणखताच्या चिखलात राबला, घरी येऊन जखमेवर हळद दाबली आणि मोकळा झाला. शहाणपणात तो एकटाच उणा होता असं नाही, अख्खं गाव तसंच करत होतं. आठव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना. भाकरीचा तुकडा दातांपाशीच अडला. धनुर्वात झाला होता.

ही गोष्ट १९७९ सालची. नरहरीची बायको प्रेमलता तेव्हा चोवीस वर्षांची होती. लग्नाला पाच वर्षं झालेली आणि कूस रिकामी. गावातल्या बायकांना दुसऱ्याच्या कुशीची चौकशी करायला किती आवडतं ते काय सांगावं! त्याच महिन्यात तिची पाळी वीस दिवस चुकली होती. सासू रखमाबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी विरारला होती, त्यामुळे घरात कोण बाहेर बसलं आणि कोण नाही हे मोजणारं कुणी नव्हतं. तीन महिने भरेपर्यंत ही बातमी ओठाबाहेर काढायची नाही, दृष्ट लागते, हा रखमाबाईचा दंडक. नवऱ्याला सांगायला हरकत नव्हती. पण खात्री होऊ दे, सोमवारी सांगू, गुरुवारी सांगू, असं करता करता नरहरीला बैलगाडीत घालून मिशनच्या इस्पितळात न्यायची वेळ आली.

तिथे अत्यवस्थ रोग्यांसाठी चार खाटांची खोली होती. नरहरीच्या खाटेभोवती काळे पडदे लावले, कारण उजेडानं, आवाजानं, परक्या हातानं त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. छातीत कफ साठत होता, म्हणून रोज एक्स-रे काढायचा. त्यासाठी त्याला उचलून पाठीखाली फिल्मची पाटासारखी जड पेटी सरकवावी लागे आणि फोटो निघेपर्यंत धरून ठेवावं लागे. पहिल्या दिवशी दोन नर्सनी धरलं, तर तो निळा पडला. मग प्रेमलता पुढे झाली.

एक्स-रेवाला फर्डिनंड गिरीज गावचा, मान खाली घालून बोलणारा माणूस. चाकांचं मशीन ढकलत आला की सगळ्यांना बाहेर घालवी आणि तिला विचारी, "बाय, दिवस तं नाय ना गेले? असले तं सांग. मंग तुला इथं उभी नाय करायचो."

दारात सासरे उभे होते. सासऱ्यांच्या देखत परक्या पुरुषाला असलं सांगायचं? त्यातून जी गोष्ट नवऱ्याच्या कानावर अजून गेली नाही, ती आधी याला? आणि सांगितली, तर हा बाहेर काढणार, नर्स धरणार आणि नरहरी परत निळा पडणार. प्रेमलता म्हणाली, "नाही."

फर्डिनंडनं तिच्या गळ्यात किरणं अडवणारा शिशाचा जड एप्रन घातला. तिनं नरहरीच्या खांद्याखाली हात घातला मात्र, त्याला असा झटका आला की खाट हलली. एप्रनची थंडगार कड लागली म्हणूनच हे झालं, असं तिनं धरलं. दुसऱ्या दिवशी तिनं एप्रन घ्यायचं साफ नाकारलं. फर्डिनंड कुरकुरला, त्यानं डोक्याला हात लावला. पण नरहरी खरंच शांत राहिला, मग तोही गप्प बसला. पुढे रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर.

एकोणिसाव्या दिवशी मोरीत तिचं पोट आवळून आलं आणि सगळं गेलं. त्या खोलीवरच्या एमिली सिस्टरनं तिला तशी बसलेली पाहिली. "अगो, एकदा तरी बोलायचं!" म्हणत ती स्वतःच रडायला लागली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "मशीननंच झालं असं नाही म्हणता येत. बहुतेक नसेलच. उपास, जागरण, धास्ती, कशानंही होतं. पण नक्की कुणी सांगू शकणार नाही." प्रेमलतेला वाटलं, हिनं हो तरी म्हणावं नाहीतर नाही तरी. दोन्हींतलं एक घेऊन माणूस रडू शकतो. तिनं लुगडं बदललं आणि मशीनची चाकं वाजली तशी परत खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

नरहरी जगला. पाच आठवड्यांनी घरी आला, काठी टेकत वाडीत जाऊ लागला. प्रेमलतेला पुन्हा दिवस गेले नाहीत. कुणाला न सांगण्याचा शब्द एमिलीनं पाळला, घरात कुणाला काही कळलं नाही, आणि ज्याच्यासाठी ती बातमी राखली होती त्यालाही प्रेमलतेनं सांगितली नाही. आधीच अर्धा झालेला जीव, त्यावर आणखी कशाला, असं म्हणत सात वर्षं गेली.

मग थोरल्या नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण आलं. प्रेमलतेनं ओटीचं ताट उचललं, तशी रखमाबाई चार बायकांत म्हणाली, "ते ठेव. तू नको भरू ओटी." ताट खाली ठेवून ती मागच्या वाडीत जाऊन बसली. मला विचाराल तर त्या चार बायकांतल्या एकीनं तरी तोंड उघडायला हवं होतं.

नरहरी मागोमाग आला. काठी केळीला टेकवून ठेवली.

"मला शुद्ध होती," तो म्हणाला. "धनुर्वातात शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येत होतं."

प्रेमलतेनं वर पाहिलं.

"त्या महिन्यात तू बाहेर बसली नव्हतीस. मी दिवस मोजले होते. तू सांगशील म्हणून गप्प होतो. फर्डिनंडला तू नाही म्हणालीस, तेव्हा मी आतून ओरडलो, हिला बाहेर काढा म्हणून. दातखीळ बसलेली. तोंडातून आवाज नाही, नुसता झटका आला. आणि तू एप्रन काढून टाकलास."

"मग दुसऱ्या दिवशी..."

"दुसऱ्या दिवसापासून जीव खाऊन निपचित पडलो. धडपडलो की तू आणखी काहीतरी काढून टाकशील."

तिला हुंदका आवरेना. तो कष्टानं वाकून तिच्याजवळ मातीत बसला. घरातून बायकांची गाणी ऐकू येत होती.

"मुलगा होता की मुलगी?" त्यानं विचारलं.

"तेवढं कळण्याइतकं झालंच नव्हतं हो," प्रेमलता म्हणाली.