अप्पासाहेबांचं नम्र इंग्रजी

“यस ऑर नो, मिस्टर मोघे? हाँ या ना?”

भोपाळहून आलेले सेक्रेटरीसाहेब असे गरजले की दाल बाजारातल्या पोत्यांत तूर आपोआप भरडली गेली असावी. मी टेबलाच्या कोपऱ्याशी पेन्सिल सरसावून बसलो होतो. मी स्टेनो, साहेब बोलतील ते शॉर्टहँडमध्ये, म्हणजे रेघोट्यांच्या लिपीत, उतरवायचं. त्या दिवशी उतरायचा होता तो हुकूम असा: ग्वाल्हेरचा सरकारी छापखाना, यंत्रं आणि माणसांसकट, भोपाळला हलवावा. नवं राज्य झालं होतं, राजधानी तिकडे गेली होती, आणि ग्वाल्हेरातलं जे जे उचलता येईल ते तिकडे निघालं होतं. हुकूम माझ्या वहीत उतरला की नया बाजार, जयेंद्रगंजातल्या कितीतरी चुली उठणार. त्यातली एक माझी; लग्नाला जेमतेम महिना झालेला.

अप्पासाहेब मोघे आमच्या छापखान्याचे सुपरिंटेंडंट. संस्थानच्या वेळचे. पगडी गेली होती, पण मान अजून पगडी असल्यासारखीच धरत.

“फार बी इट फ्रॉम मी टु से नो, सर,” ते म्हणाले. म्हणजे, नाही म्हणायची माझी काय प्राज्ञा!

साहेब निवळले. “तो फिर सोमवार को मशीन खोलिए।”

“क्वाइट सो, सर. ॲट द सेम टाइम...”

‘ॲट द सेम टाइम’ दिसायला गरीब शब्द. अप्पासाहेबांच्या तोंडून आले की समजावं, गाडीने रूळ बदलला आणि पॅसेंजरला धक्कासुद्धा लागला नाही. मोठ्या मशीनला सिमेंटचा पाया लागतो, तो चांगला मुरावा लागतो. भोपाळला अजून छपराचाच पत्ता नव्हता.

“पाया बन जाएगा!” खिडकीतली कबुतरं उडाली ती थेट किल्ल्यावर जाऊन बसली.

“आय हॅव नो डाउट, सर. आय ओन्ली वंडर...”

शंका नाहीच, आपलं एक कुतूहल. पाया मुरेपर्यंत नव्या राज्याचं गॅझेट छापायचं कुठे? गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्र. त्यात छापून आल्याशिवाय साहेबांची स्वतःची बढतीही जगाला कळणार नव्हती. हे शेवटचं अप्पासाहेब बोलले नाहीत. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

साहेबांनी चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर हळूच म्हणाले, “सपोज, फिलहाल मशीन यहीं रहे?”

मी खुर्चीतून उडणारच होतो. अप्पासाहेबांचा चेहरा मात्र घरात कुणी आजारी असल्यासारखा.

“इफ यू इन्सिस्ट, सर.” म्हणजे, आपला आग्रहच असेल तर.

“आय डू इन्सिस्ट!” साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. मी लिहून घेतलं: छापखाना तूर्त ग्वाल्हेरलाच राहील.

तो ‘तूर्त’ माझ्या पेन्शनपर्यंत टिकला. तोंडावर ‘नाही’ म्हणणारे शूर अधिकारी मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांच्या निरोपाचे हारही मीच आणले.

त्याच वर्षी भोपाळच्या एका मीटिंगसाठी सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावून घेतलं; मी त्यांच्या मागे बसून नोट्स घेत होतो. मंत्र्यांनी विचारलं, “ग्वालियर का छापाखाना क्यों नहीं आया? मोघे ने विरोध किया था?”

“मोघेसाहब ने? नहीं सर,” साहेब म्हणाले. “उन्होंने तो मेरी हर बात मानी।”