तळाची एक ओळ

एका दुपारी मी घामाघूम होऊन, इमानेइतबारे टायपिंग करून, कंपनीचं जवळजवळ तयार झालेलं एक पुस्तक पुसून टाकलं आणि वर शाबासकीची वाट पाहत बसले. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या धाकट्या नणंदेबद्दल लिहायचं तर सुरुवात माझ्या मूर्खपणापासूनच करावी लागते. एरवीही, आपण कुठं आहोत आणि कोणत्या अवस्थेत आहोत हे क्षणोक्षणी जगाला कळवणारी तिच्याइतकी चक्रम आणि तिच्याइतकी हुशार बाई अख्ख्या नागपुरात दुसरी झाली नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन.

नंदनवनातल्या आमच्या घरात ती शिरायची तीच बातमी देत. चपला काढता काढता म्हणायची, "आली. भूक अर्धी. डोकं दुखून राहिलं, पण थोडंसंच." वरणात मीठ पडलं की नाही यावरून सासूसुनेत रोज चौकशी समिती बसते, म्हणून तिने कायदा केला की मीठ घातलं की पातेल्याच्या काठाला कपड्यांचा लाकडी चिमटा लावायचा. चिमटा आहे, मीठ आहे. कायदा उत्तम होता, पण एकदा सासूबाई तो चिमटा काढून वाळत घालायच्या धोतराला लावून आल्या, आणि मी आज्ञाधारकपणे दुसऱ्यांदा मीठ घातलं. सासरे वरणभात जेवले आणि मग माठाजवळ जाऊन बसले ते तिथंच. सासूबाई तिच्यावरच उखडल्या, "चिमट्याले काय समजते वं, वरण खारट का अळणी? आन् धोतर काय वाऱ्यावर सोडू?" ती म्हणाली, "दुसरा चिमटा आण न, माय. एकाले एकच काम."

ओझ्याचंही तिला वावडं. चार दिवसांच्या लग्नाला ती एक कापडी पिशवी घेऊन जायची आणि तीही परतताना कुणाला तरी देऊन यायची. बोलण्याचंही तसंच. तिला पाहायला एक मंडळी आली होती. मुलाच्या मामांनी घसा साफ करून "मुलीनं स्वतःबद्दल काही सांगावं" असं म्हटलं, तर हिने एका दमात सांगितलं, "उंची पाच फूट, चष्मा आहे, नोकरी आहे, स्वयंपाक येते, इच्छा नाही." मामांचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षापासून घरात एकच नियम केला होता, पोरी आधी शिकतील, बाकीचं मग. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि मंडळींना आणखी पोहे वाढायला लावले.

शिकून ती हिंगण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला लागली, आणि मागोमाग तिच्या शब्दावर मलाही तिथं टायपिस्ट म्हणून घेतलं. काचेच्या खोलीत, थंड हवेत, एक मोठं यंत्र बसलेलं असे, आणि बाहेर आम्हा सगळ्यांचे कळफलक आणि पडदे त्याच एका यंत्राच्या जिवावर चालत. मी टाइपरायटरच्या परीक्षा पास झालेली. नजर कागदावर, बोटं कळांवर, मान वर केली तर टायपिस्ट कसली, हा माझा तेव्हाचा तोरा. पण मजकूर लिहायचा जो प्रोग्राम होता, ज्याला सगळे एडिटर म्हणत, त्याला दोन मनं होती. एका मनात असताना अक्षर म्हणजे अक्षर. दुसऱ्या मनात अक्षर म्हणजे हुकूम, हे पुस, ते उडव. एका मनातून दुसऱ्यात जायची एक कळ होती, आणि कोणत्या मनात आहोत हे पडदा सांगायचाच नाही. त्या दुपारी कळ दाबायची मी विसरले आणि आमच्या कारखान्यात बनणाऱ्या मशीनच्या माहितीपुस्तकात पुढची प्रकरणं घालायला बसले. न समजणाऱ्या हुकुमाला यंत्र 'टुंग' करायचं. टाइपरायटरची घंटी ओळ संपत आली की वाजते, म्हणून मला वाटलं, वा, किती भराभर ओळी होताहेत. जितकी घंटी तितका माझा वेग वाढला. शेवटी ते सगळं मी नीट साठवूनही ठेवलं.

जुनी प्रत टेपवर होती म्हणून पुस्तक वाचलं. माझी नोकरी तेवढी वाचायची राहिली. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पॅकिंग खात्यातल्या टाइपरायटरवर परत जा." ते खातं बंद व्हायच्या बेतात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात माझी नणंद उठून म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबा, साहेब. त्या कुठं आहेत हे पडद्यानं त्यांना सांगितलंच नाही."

तिने एक इवलासा प्रोग्राम लिहिला. एडिटरच्या पोटात हात न घालता तो त्याला बाहेरून जोडता यायचा, नको वाटला तर काढून ठेवता यायचा. काम एकच, पडद्याच्या तळाशी एक ओळ दाखवायची. कोणती फाइल, कितवी ओळ, लिहायचं मन की हुकमाचं, आणि मजकूर साठवायचा राहिला असेल तर एक चांदणी. साहेबांना धास्ती, यंत्र एक आणि पडदे इतके, सगळ्यांचं काम रेंगाळेल. म्हणून ती तांदळातले खडे वेचावेत तशी त्यातून एकेक गोष्ट वेचून फेकत होती. काही बदललं तरच ओळ बदलणार, उगाच श्वाससुद्धा घेणार नाही. हलकी होतेय असं दिसल्यावर साहेबांना हुरूप आला. त्यात वेळ दाखवा म्हणाले, कंपनीचं नाव घाला म्हणाले. ती म्हणाली, "घड्याळ भिंतीवर आहे, साहेब. नाव फाटकावर आहे."

सोमवारी सकाळी ओळ तयार होती, पण मी तीच होते. मी कागदात डोकं घालून बडवायला लागले. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "वहिनी, ओळ तळाशी आहे, पण तुमची मान तिच्याहून खाली आहे." मग तिने पिशवीतून स्वयंपाकघरातला तो लाकडी चिमटा काढला आणि माझ्या कागदावर पहिला परिच्छेद संपतो तिथं लावला. "चिमटा आला का मान वर. बस."

सगळे पडदे सुरू झाले. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. त्या धसक्याने मी कळ दाबायची पुन्हा विसरले आणि वेगात सुटले. टुंग, टुंग. चिमटा आला. मान वर केली तर तळाची ओळ शांतपणे सांगत होती, बाई, तू हुकमाच्या मनात आहेस; आणि चांदणीही होती, म्हणजे अजून साठवलेलं नाही, पुस्तक शाबूत आहे. मी न साठवता बाहेर आले, फाइल पुन्हा उघडली, कळ दाबली. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" माझ्या तोंडून नणंदेचीच भाषा निघाली, "चुकीच्या ठिकाणी होते. आता बरोबर ठिकाणी आहे." त्यांनी वाकून ती ओळ वाचली. मग बाकीच्यांना विचारलं, कुणाचं काम रेंगाळलं का? कुणाचंच नव्हतं. "माझ्या पडद्यावर पण लावा," एवढंच म्हणून ते गेले, आणि पॅकिंग खात्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे ती ओळ खोलीतल्या प्रत्येक पडद्यावर गेली, आणि नवीन आलेली पोरं ती कॉम्प्युटरबरोबरच येते असं समजत. नणंद हैदराबादच्या नोकरीवर गेली. तिथून तिची कार्डं यायची, "पोचली. खोली बरी. जेवण अर्धं. आठवण चालू." तेवढंच, बाकीचं कार्ड कोरं. आता माझी नात तिच्या फोनवर वरच्या पट्टीत बॅटरी किती उरली ते दाखवते, आणि माझी नजर आधी तळाशी जाते. तिथं काही नसतं.

त्या सोमवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. चिमटा माझ्या मुठीत होता. मी तिला म्हटलं, "काहून वं, एवढं केलंस, तर त्या ओळीत कोपऱ्यात आपलं नाव काहून नाही टाकलं?" चष्मा पुसत ती म्हणाली, "नाव टाकलं असतं तं ओळ जड झाली असती, वहिनी. आन् जिच्यासाठी लिहिली तिले तं माहीत आहे न, कोनं लिहिली."