जमीन स्थिर धरली तर

आमचे कृष्णनाथ भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, चंद्राक्काचे यजमान, गोव्यात डिचोलीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. हुशार माणूस, शंकाच नको! घरातली साखर संपली तरी सांगायचे, "दीर्घकाळात समतोल आपोआप येतो." तोपर्यंत आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायचा.

सुर्ल्याला त्यांच्या घरामागे अक्काचं कुळागर होतं, म्हणजे पोफळींची बाग. वरच्या उतारावरच्या झरीवर ते जगायचं, आणि अक्काचा जीव कुळागरात. सन ऐंशीच्या सुमारास एका खाणवाल्याने भावोजींच्या नावावरचा तो उतार मागितला, टाकाऊ मातीचा डंप घालायला. अक्का म्हणाली, "आधी देवीला कौल लावूया." आमच्याकडे मोठं काही करायचं तर गुरव मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली.

भावोजी खो खो हसले. "पाकळीला कॅल्क्युलस येतं काय गो?" मग मेजावर कागद पसरून त्यांनी वाढीचं गणित मांडलं. भांडवल, मजूर, बचत, सगळं त्यात होतं. एक रेघ वर वर जाऊन सपाट झाली. तिथे पोचलं की म्हणे कायमची भरभराट. मी विचारलं, "ह्यात जमीन खंय?"

"अरे बाबली, जमीन स्थिर धरायची असते. ती काय चालत जाते?" म्हणाले, आणि खाणवाल्याच्या करारावर ठोकली सही.

तिसऱ्या पावसाळ्यात जमीन चालत आली. डंप खचला, झर बुजली, तांबडा चिखल पोफळींच्या कमरेपर्यंत चढला. अक्का पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती, आणि हे शहाणे जनेलाच्या गजांतून बाहेर बघत म्हणतात, "हा बाहेरचा धक्का. व्यवस्था पुन्हा मार्गावर येईल." असा संताप आला मला, वाटलं ह्यांनाच त्या चिखलात उभं करावं! व्यवस्था काही आली नाही. पोफळी तेवढ्या एकेक करून वाळल्या.

मग एका सोमवारी देवळात बघतो तर काय, भावोजी उघड्या अंगाने हात जोडून उभे! झर परत वाहील काय, म्हणून कौल मागत होते. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या. आम्ही ताटकळलो. समईतलं तेल सरलं, तरी उजवी हलेना, डावी हलेना. भावोजींचे डोळे भरून आले.

अक्का उठली. "आला हो तुमचा समतोल," ती म्हणाली. "आता कळशी घ्या, टँकर यायची वेळ झाली."